कागदावर निकामी, खांद्यावर चालू

मित्रांनो, मी एक जुनी वॉकीटॉकी आहे. पोलिसांच्या खांद्यावर असते ना, काळी, खरखरणारी, शेपटीसारखी अँटेना वर काढलेली, त्यांतलीच एक. माझा नंबर सतरा. तो माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने काढला होता. चौदा वर्षांच्या घामाने आता अर्धा पुसला आहे. माझे मागचे झाकण एका जाड रबराने बांधलेले आहे. ते रबर काढू नका, नाहीतर माझी बॅटरी तुमच्या पायावर पडेल.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे बायका भिंगातून बघत माझ्या पोटात केसाएवढ्या तारा जोडत होत्या. सगळे झाल्यावर मला छातीएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकले. एकदा नव्हे, सहा वेळा. सहाव्यांदा उचलल्यावरही मी बोलले, तेव्हा एका बाईने माझ्यावर हिरवी चिठ्ठी लावली आणि म्हणाली, "जा बाई, सुखाने नांद." सासरी पाठवावे तसे तिने मला खोक्यात घातले. मी या मोठ्या शहराच्या पोलिसांकडे आले.

आम्हां वॉकीटॉकींचा एक नेम असतो. बोलायच्या आधी ऐकायचे. दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ द्यायचे. मग बटण दाबायचे, जे खरे आहे तेवढेच थोडक्यात सांगायचे आणि बटण सोडायचे. बटण दाबून धरले की आपलेच आपल्याला ऐकू येते, समोरच्याचे येत नाही. हा नेम मी एक दिवसही मोडला नाही, हे मी देवाच्या साक्षीने सांगते.

मला खांद्यावर घेणाऱ्या पोलीसबाईंना सगळे ताई म्हणत. ताईंचा आवाज हळू, पाऊल झपझप. कामावर निघताना त्या मला कपाळाशी लावत आणि मगच खांद्याला अडकवत. घरी त्यांच्या सासूबाई माझ्यावर रागावलेल्या असत. "त्या डब्याशी बोलतेस, त्याच्या निम्मं माझ्याशी बोललीस तरी माझा दिवस चांगला जाईल," असे त्या पोळपाटावरून नजर न उचलता म्हणत. ताई म्हणत, "आई, तो डबा उलट उत्तर देत नाही." सासूबाई हसू दाबत आणि ताईंच्या जेवणाच्या डब्यात एक पोळी जास्तीची ठेवत. ती पोळी पैलवानासाठी असे.

पैलवान म्हणजे ताईंच्या जोडीचा शिपाई. अंगाने काडी, वारा आला तर टोपीआधी हाच उडायचा, म्हणून चौकीने त्याला हे नाव दिलेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नियंत्रण कक्षात, मावशी बसत. सबंध पोलीस दल त्यांना मावशीच म्हणे. मी मावशींना कधी पाहिले नाही. पण "बोला सतरा" हे त्यांचे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की त्या रडल्यात की चहा प्यायल्यात, हे मला त्यावरून समजायचे.

आम्ही पुष्कळ चांगली कामे केली. घराचा पत्ता विसरलेल्या आजोबांना तीन तासांत त्यांच्या लेकीकडे पोहोचवले. बाजारात आग लागली तेव्हा धुरात मी एकटीच बोलत होते. त्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे पोलीस दलाच्या प्रमुखांनी, मला हातात घेऊन म्हटले होते, "हिला सांभाळा हं." मित्रांनो, मी ते कौतुक अजून विसरलेली नाही.

पण वस्तूलाही म्हातारपण असते. माझी बॅटरी आधी दिवसभर पुरे. मग अर्धा दिवस. मग असे झाले, की नुसते ऐकत राहिले तर चाळीस मिनिटे, आणि बोलायचे झाले तर फार तर दोन वाक्ये. ऐकायला ताकद थोडी लागते, बोलायला फार. माझ्यासारख्या साठजणी होत्या, आणि सगळ्यांची गत तीच. आमच्यातले कितीतरी संच बंद पडले, म्हणून दोन पोलिसांत एक, अशी आमची वाटणी झाली. ताई आणि पैलवान यांच्यात मी एकटी.

अशा वेळी बातमी आली, की सरकार पोलिसांना अनुदान देणार. दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यातून साठ नवे संच घ्यायचे. सरकारचे तपासणी पथक येऊन ते बघून जाईल, आणि मगच दुसरा हप्ता मिळेल. त्यातून गस्तीच्या गाड्या येणार होत्या आणि आमच्या चौकीचे गळके छप्पर दुरुस्त होणार होते.

अनुदानाचा अर्ज भांडाराचे नाना लिहीत होते. नाना म्हणजे आमच्या सगळ्या सामानाचे राखणदार. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालले की गाय घरी आल्यासारखा आवाज. माणूस अतिशय प्रामाणिक. सरकारी टाचणीसुद्धा घरी नेणार नाहीत. अर्जात एक रकाना होता: सध्याचे संच चालू की निकामी?

"चालू लिहू?" नानांनी विचारले.

मोठ्या कारकुनाने चष्मा वर केला. "चालू लिहिलंत की वरून उत्तर येईल, चालतंय ना, मग नवं कशाला? निकामी लिहा. साठच्या साठ."

नानांचे पेन थोडे थांबले. मी त्यांच्या समोरच टेबलावर होते आणि मावशींचा आवाज माझ्यातून येत होता. "बोला सतरा," मावशी म्हणत होत्या. शेजारी उभ्या असलेल्या ताईंनी मला उचलून उत्तर दिले. आणि खाली कागदावर नानांनी लिहिले: सतरा, निकामी.

जिवंतपणी आपली मरणाची नोंद वाचणे कसे असते, ते तुम्हांला कधी न कळो.

अनुदान मंजूर झाले. साठ नवे संच आले. साठ खोकी, प्रत्येकावर सील. चौकीत आनंदीआनंद झाला. पैलवान धावतच भांडारात गेला आणि तोंड पाडून परत आला.

"देत नाहीत. तपासणी होईपर्यंत सील तोडायचं नाही म्हणे."

त्यालाही कारण होते. काही वर्षांपूर्वी अशाच एका अनुदानातून हेल्मेटे आली होती. नानांनी ती त्याच दिवशी भोळेपणाने वाटून टाकली. तपासणी पथक चार महिन्यांनी आले. हेल्मेटांवर ओरखडे, एकाची काच दगड लागून तडकलेली. पथकाने लिहिले, 'वस्तू नव्या नाहीत', आणि दुसरा हप्ता दोन वर्षे अडकला. नानांना लेखी ताकीद मिळाली. सबंध नोकरीतला तो एकच डाग. तेव्हापासून सरकारी पैशाने आलेली प्रत्येक वस्तू तपासणी होईस्तोवर कुलपात, हा आमच्या भांडाराचा रिवाज झाला. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो.

मग ताई स्वतः भांडारात गेल्या. मी खांद्यावर होतेच.

"नाना, नवा संच राहू दे. हिला निदान बॅटरी तरी द्या. एकच."

नानांनी यादी उघडून त्यांच्याकडे फिरवली. "ताई, ही बघा. सतरा, निकामी. निकामी वस्तूला बॅटरी कशी देऊ? उद्या पथक विचारेल, मेलेल्याला पाजलेलं औषध गेलं कुणाच्या तोंडात?"

"अहो, ती बोलतेय की! हे काय ऐकू येतंय?"

"मला ऐकू येतंय. कागदाला येत नाही." नानांचा आवाज अगदी खाली गेला. "सोमवारी पथक येतंय. सोमवारी संध्याकाळी पहिला संच तुमचा. शब्द देतो."

सोमवार आला आणि पथकाचे पत्र आले, पुढच्या सोमवारी येतो. पुढच्या सोमवारी पुन्हा पत्र. तिसऱ्या पत्रानंतर पैलवान म्हणाला, "यांचा सोमवार आपल्या कॅलेंडरात छापलेलाच नाही." सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. येत्या रविवारी मोठ्या मैदानावर अंतिम सामना होता आणि आम्हां तिघांचा बंदोबस्त पश्चिमेच्या जिन्यावर लागला होता.

हा जिना नीट समजून घ्या. वर मैदानाची गच्च भरलेली बैठक. तिथून खाली येणारा रुंद जिना, दोन्ही बाजूंना भिंत. अर्ध्यावर एक सपाट टप्पा. तळाशी रुळावर सरकणारे लोखंडी दार, ते उघडले की रस्ता. ताई मधल्या टप्प्यावर, पैलवान तळाच्या दाराशी. वरच्या दाराशी मैदानाची माणसे होती, त्यांच्याशी नियंत्रण कक्षाचा फोन जोडलेला होता.

दुपारी सामना संपत आला. ताईंनी माझ्याकडे बघितले. माझा हिरवा दिवा लाल झाला होता.

"सतरा, तुझ्यात किती जीव आहे गं?" त्या पुटपुटल्या. मग त्यांनी ठरवले. ऐकण्यात जीव घालवला तर बोलायला उरणार नाही. त्यांनी देवाचे नाव घेतले आणि माझी कळ फिरवून मला बंद केले. गरज लागली की लावू.

मी त्यांना दोष देत नाही. घरात मूठभर तांदूळ उरले, तर शहाणी बाई ते दुसऱ्या वेळेसाठी ठेवतेच. पण पुढे काय झाले ते मी नंतर ऐकले. मी बंद असतानाच नियंत्रण कक्षात निरोप आला होता, की पश्चिमेच्या जिन्याचे तळाचे दार रुळावरून घसरते आहे, कुणाला खाली सोडू नका. वरच्या दाराचा फोन सामन्याच्या गलक्यात कुणी उचलेना, म्हणून मावशींनी मला तीनदा हाक मारली. "सतरा बोला. सतरा, ऐकताय का? सतरा!" चौदा वर्षांत पहिल्यांदा सतराने ओ दिली नाही.

सामना संपला. वरचे दार उघडले आणि माणसे खाली लोटली. हसत, गात, मुलांना खांद्यावर घेऊन. ताई हात हलवून म्हणत होत्या, "चला, चला, थांबू नका, खाली चला." त्या स्वतःच माणसांना खाली पाठवत होत्या, मित्रांनो. दाराचे त्यांना ठाऊकच नव्हते.

आधी गाणे थांबले. मग खालून एक आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा. दार रुळावरून उतरून तिरके बसले. एका वेळी एकच माणूस आडवा होऊन बाहेर पडेल एवढीच फट राहिली. खालच्यांना ते दिसत होते. वरच्यांना दिसत नव्हते, त्यामुळे ते येतच होते.

"मागे व्हा!" खालून पैलवान ओरडत होता. "ताई, वरचे थांबवा! दार गेलं!"

ताई वर वळून ओरडल्या. त्यांचा तो हळू आवाज! चार पायऱ्यांपलीकडे गेला नाही. गर्दीने त्यांना भिंतीशी दाबले. माझी अँटेना त्यांच्या गालात रुतली. एक बाई शेजारी म्हणत होती, "माझ्या आईला श्वास घेता येत नाहीये, अहो, तिला श्वास घेता येत नाहीये," आणि आई तिच्या दंडाला धरून डोळे मिटून उभी होती. पडायलाही जागा नव्हती.

ताईंचा उजवा हात दोन माणसांच्या मध्ये अडकला होता. त्यांनी डावा हात इंच इंच वर आणला. बोट माझ्या कळेवर आले. कळ फिरली. लाल दिवा लागला, मिणमिणला.

नेम असा, की आधी ऐकायचे. ताईंनी त्या गर्दीतही एक क्षण ऐकले. दुसरे कुणी बोलत नव्हते, वाहिनी मोकळी होती. मग त्यांनी बटण दाबले.

मी माझ्या पोटातली शेवटची ताकद गोळा केली. मी तुम्हांला खरे सांगते, मी देवाकडे त्याआधी कधी काही मागितले नव्हते. त्या क्षणी मागितले, की एवढे वाक्य पुरे होऊ दे, मग मला नेलेस तरी चालेल.

"सतरा. पश्चिम जिना. तळाचं दार अडकलंय. वरचं दार बंद करा. वरचं..."

लाल दिवा विझला.

ताईंनी बटण सोडले. उत्तराची वाट पाहिली. माझ्यातून खरखरसुद्धा आली नाही. त्यांनी पुन्हा बटण दाबले, पुन्हा सोडले. काहीच नाही. निरोप पोहोचला की वाटेतच विरला, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. मलाही नव्हता. आम्ही दोघी तशाच भिंतीला चिकटून राहिलो. वरून माणसे येतच होती. ताईंनी त्या म्हाताऱ्या बाईंच्या पाठीमागे आपला खांदा घातला आणि भिंतीला हात टेकून एक वीतभर पोकळी धरून ठेवली. "आजी, माझ्याकडे बघा. माझ्याबरोबर श्वास घ्या. एक. सोडा. एक. सोडा." किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही.

मग पाठीवरचा भार एक कणभर हलका झाला. मग आणखी. वरच्या पायऱ्यांवर उजेड दिसला. रिकाम्या पायरीवर पडतो तसा उजेड. कुणीतरी वर भोंग्यावरून सांगत होते, "मागे या, सावकाश मागे या." वरचे दार बंद झाले होते. मावशींनी ऐकले होते, आणि या वेळी वरचा फोन उचलला गेला होता.

त्या जिन्यावरून सगळी माणसे जिवंत बाहेर आली. म्हाताऱ्या आजींना रुग्णालयात नेले, त्या वाचल्या. पण पैलवान तळाच्या दारात पाठ लावून उभा राहिला होता. फटीतून एकेकाला बाहेर ढकलत होता, आणि मागचा सगळा लोंढा त्याने अंगावर घेतला होता. त्याच्या पाच फासळ्या मोडल्या. रुग्णवाहिकेत त्याने ताईंना विचारले, "उद्याची पोळी कुणाला?" आणि तो बेशुद्ध झाला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत चौकशी झाली. मी टेबलाच्या मधोमध होते, रबर बांधलेली, मुकी. ताई समोर उभ्या. मोठ्या कारकुनाने यादी वाचली आणि म्हटले, "बाई, हा संच तर निकामी यादीत आहे. निकामी संच घेऊन बंदोबस्ताला गेल्या, वर तो बंद ठेवला, हाका ऐकल्या नाहीत. जबाबदारी यांचीच येते."

"मग काय घेऊन जायला हवं होतं?" ताईंनी विचारले. आवाज हळूच होता.

बाहेर किल्ल्यांचा आवाज आला. नाना एक हातगाडी ढकलत आत आले. गाडीवर साठ खोकी. सगळी उघडलेली.

"सील मी तोडलं," नाना म्हणाले. "काल संध्याकाळीच. मोजून घ्या."

मोठा कारकून उठून उभा राहिला. "नाना, डोकं ठिकाणावर आहे का? तपासणी राहिलीय! दुसरा हप्ता गेला म्हणून समजा. गाड्या गेल्या, छप्पर गेलं!"

"जाऊ दे." नानांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "बाई, माझा जबाब लिहून घ्या. ही वॉकीटॉकी बोलत असताना मी तिला निकामी लिहिलं. ताईंनी बॅटरी मागितली, मी दिली नाही. अकरा आठवडे हे साठ संच माझ्या कुलपात होते आणि किल्ली माझ्या कमरेला होती. यांची चूक असेल तर एवढीच, की यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला."

मोठ्या बाईंनी मला उचलले. बाजारातल्या आगीनंतर उचलले होते तसेच. "यादीवर सही माझी आहे, नाना," त्या म्हणाल्या. "तुमचा जबाब एकट्याचा जाणार नाही." त्यांनी सरकारला स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. त्यात सगळे खरे लिहिले, चालू असून निकामी लिहिलेल्या आम्हां सगळ्यांचेही.

खऱ्याची किंमत पडलीच. दुसरा हप्ता अडकला आहे. चौकीत अजून तीन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात. नानांना आणखी एक ताकीद मिळाली, मोठ्या बाईंनाही एक मिळाली. पण ताईंवर ठपका आला नाही, आणि त्याच दिवशी साठ नवे संच साठ खांद्यांवर गेले. पैलवान चार महिन्यांनी परतला. पळता येत नाही म्हणून दारातल्या टेबलावर बसतो आणि सासूबाईंची पोळी वेळेवर मागून घेतो.

माझ्यात नंतर नवी बॅटरी घालून पाहिली, पण मी बोलले नाही. त्या जिन्यावर आतले काहीतरी तुटले असावे. मला दुःख नाही. जे मागितले ते मिळाले होते. आता मी नव्या पोलिसांच्या शाळेत एका फळीवर असते.

तर मित्रांनो, एका म्हाताऱ्या वॉकीटॉकीचे एवढे ऐका. नाना वाईट नव्हते. त्यांनी वस्तू जिवापाड जपल्या, फक्त ज्यांच्या जिवासाठी त्या आल्या होत्या ती माणसे मोजायची राहिली. तुमच्या घरातही पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेले काहीतरी असेल. कपाटात नवा कंदील असेल आणि आजी अंधारात चाचपडत जिना उतरत असेल. नवी चप्पल खोक्यात असेल आणि बाबा झिजलेल्या चपलेने घसरत असतील. वस्तू जरूर जपा, पुसा, जागेवर ठेवा, पडली तर उचला. पण तिला कामाला लावा, कारण कामात असणे हेच आम्हां वस्तूंचे पुण्य.

घरी गेलात की ते कपाट उघडा. आजच उघडा, सोमवारची वाट पाहू नका.